न दिसणारा ड्रमर

वहिनीला ठेका शिकवायला कुणी जाऊ नये. जो गेला तो पस्तावला. त्यामुळे फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरने जेव्हा सांगितलं, की स्पीकरवर वाजतोय त्या बँडमध्ये ड्रमरच नाही, तेव्हा वहिनीने टेबलावर आडवी असताना, खांद्यावर शेकाची पिशवी घेऊन, त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचारा पुलीची दोरी बांधता बांधता थांबला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही माझा खांदा बघा. ड्रमचं मी बघते."

तिचं म्हणणं चूक कसं असेल? टक, टक, टक, असा कोरडा ठोका प्रत्येक मात्रेच्या मधोमध पडत होता, आणि तो इतका नेमका होता की ऐकणाऱ्याने त्यावर घड्याळ लावावं. ती बावीस वर्षं ड्रम वाजवत होती. समोरच्याची काठी कुठल्या लाकडाची आहे हेसुद्धा ती आवाजावरून सांगायची, आणि बरोबर निघालं नाही तरी इतक्या ठामपणे सांगायची की विचारणाऱ्याला आपलीच काठी चुकली असं वाटायचं.

सगळे तिला वहिनी म्हणायचे, कारण बँड घरचाच होता. गायची आणि बँड चालवायची ती तिची थोरली नणंद. बेस गिटार वाजवायचा तो नवरा. गिटारवाला तेवढा बाहेरचा. तो प्रत्येक कार्यक्रमाला उशिरा यायचा आणि फोनवर एकच शब्द बोलायचा, म्हणून त्याचं नावच 'आलोच' पडलं होतं. हॉटेलं, रिसेप्शनं, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, कुणाच्या निवृत्तीचे समारंभ, सगळीकडे ही चौकडी जायची. पुढे नणंद आणि मागे, सगळ्यांच्या पाठी, ड्रमच्या ढिगाऱ्यात वहिनी.

मग उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, आणि हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की घरातली कामं करा, गाडी चालवा, पण हात उचलून आपटायचं काम आता विसरा. किती दिवस, असं तिने विचारलं. विसरा म्हटल्यावर दिवस मोजायचे नसतात, असं ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

नणंद काही वाईट बाई नव्हती. पण बँड थांबवून तिला चालणार नव्हतं. गावात नवं हॉटेल उघडलं होतं आणि त्यांना शुक्रवार-शनिवारसाठी कायमचा बँड हवा होता. पुढच्या महिन्यात मॅनेजर स्वतः ऐकणार होता. नणंदेने ठेक्याचं एक मशीन आणलं. बटण दाबलं की हवा तो ताल, हव्या त्या लयीत, कधी न थकणारा. "तू ये ना बरोबर," ती वहिनीला म्हणाली. "माइकचं बघ, वायरींचं बघ. घरचं माणूस हवंच." तिने ते प्रेमानेच म्हटलं होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. ड्रम गेले की आपण त्या बँडच्या नुसत्या नातेवाईक उरतो, हे वहिनीला स्वच्छ दिसलं, आणि ते तिला मुळीच मान्य नव्हतं. परत कशी येणार हे तिला ठाऊक नव्हतं. येणार, एवढं नक्की होतं.

अशा मनःस्थितीत टेबलावर पडलेली असताना हा ठोका कानावर आला होता.

डॉक्टरचं त्या बँडवर वेड म्हणावं इतकं प्रेम होतं. या संगीताला ब्लूग्रास म्हणतात, असं त्याने सांगितलं. डोंगराळ मुलखातली जुनी पद्धत. बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिनच, मेंडोलिन, गिटार आणि माणसाएवढा उभा बेस. हा बँड मात्र आजच्या तरुण मंडळींचा. जुन्या चाली घ्यायच्या आणि त्यांना कुठल्या कुठे फिरवून आणायचं. ते लोकांना कार्यक्रमात खुशाल रेकॉर्डिंग करू द्यायचे, आणि चाहते ती रेकॉर्डिंग्ज एकमेकांत फुकट वाटायचे. डॉक्टरकडे त्यांची चळत होती.

"काकू, ऐकून बघा. ड्रमर सापडला तर मला सांगा," तो म्हणाला.

तेवढ्यावरून पैज लागली. ड्रमर असेल तर डॉक्टरने तिला पुन्हा कधी काकू म्हणायचं नाही. तिच्या केसांना अजून स्वतःचा रंग होता आणि तो शब्द तिला शेकाच्या पिशवीपेक्षा जास्त चटके द्यायचा. ड्रमर नसेल तर पुलीचा व्यायाम दोन वेळा, कुरकुर न करता. वहिनीने तिथल्या तिथे हात मिळवला. डावा.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात तो बँड राहायला आला. भाजी चिरताना, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, ओटा पुसताना, वहिनी एकामागून एक कार्यक्रम ऐकत सुटली. सुरुवातीला तिला ती रेकॉर्डिंग्ज म्हणजे अडगळ वाटली. कुणी माइकशेजारी खोकतोय, कुणाची बाटली गडगडत जातेय, कुणी बाई मैत्रिणीला आपल्या घरमालकाबद्दल सांगतेय. डॉक्टरने त्याच बँडचं स्टुडिओतलं रेकॉर्डिंगही दिलं होतं. ते ऐकलं तेव्हा मात्र तिला फरक कळला. ते परीटघडीचं होतं, कुठे सुरकुती नाही. आणि तेच गाणं लोकांसमोर वाजताना एका गावी घाईत पळायचं, दुसऱ्या गावी आळोखेपिळोखे देत उठायचं, तिसऱ्या गावी मधल्या तुकड्यात असं काही हरवायचं की आता ही मंडळी घरी कशी परतणार याची काळजी वाटावी. मग अचानक सगळे एकत्र दारात हजर. वहिनी सुरी खाली ठेवून एकटीच दाद द्यायची. तिला स्टेजवर जे माहीत होतं, ते पहिल्यांदा कुणीतरी तिला बाहेरून ऐकवत होतं.

आणि तो ड्रमर! तिच्या मते तो चाळिशीतला, जरा जाडा, टक्कल पडलेला, आणि शांत स्वभावाचा होता. मधेमधे करायचा नाही. उगाच गडगडाट करून आपलं घोडं पुढे दामटायचा नाही. मेंडोलिन एकट्याने वाजायला लागलं की तो तर चक्क गप्प बसायचा. "बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "याला म्हणतात संस्कार. दुसरा बोलत असताना हा तोंड उघडत नाही." नवरा कमी बोलणारा होता. त्याने मान डोलावली आणि पोळी वाढून घेतली. वहिनीला त्या माणसाचं कौतुक होतं आणि थोडा हेवाही होता. त्याचा खांदा धडधाकट होता ना!

मग एका रेकॉर्डिंगमध्ये, भर गाण्यात, 'टण्ण' असा आवाज झाला. लोक हसले. माइकवर कुणीतरी हसत म्हणालं, की मेंडोलिनची तार तुटली, तुम्ही चला पुढे. बाकीचे पुढे चालले. बँजो चालला, गिटार चालली, बेस चालला.

टक गेलं.

वहिनी हात ओला असतानाच फोनजवळ गेली. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तार तुटली, आणि त्याच क्षणी ड्रमरने काठ्या ठेवल्या. संस्कार कितीही झाले, तरी दुसऱ्याची तार तुटली म्हणून कुणी आपला ड्रम थांबवत नाही. थोड्या वेळाने फिडलवाल्याने गज तारांवर घासून 'खस, खस' असा ठोका धरला आणि गाणं पुन्हा पायावर उभं राहिलं. आणि नवी तार चढवून मेंडोलिन परत आलं, तसं तेही परत आलं. टक.

इतके दिवस मेंडोलिन एकटं वाजायला लागलं की 'ड्रमर' गप्प का बसत होता, ते आता तिच्या ध्यानात आलं. एकाच माणसाचे ते दोन्ही धंदे होते. वहिनी स्टुलावर बसली आणि इतकी हसली की खांद्यातून कळ आली. ज्या जाड्या, टकल्या, संस्कारी माणसावर तिने जीव टाकला होता, तो जन्मालाच आला नव्हता. ड्रमवाल्या बाईला जगात सगळीकडे ड्रमच ऐकू येणार, दुसरं काय!

डॉक्टरकडे जाऊन तिने हार कबूल केली, आणि तीही अशा थाटात की जिंकल्यासारखी. डॉक्टरने मग तिला ते कसं करतात ते फोनवरच्या एका फोटोसह समजावलं. पाचही जण एकाच माइकभोवती, खांद्याला खांदा लावून, अर्धगोलात उभे. मेंडोलिनवाला सगळ्या तारा एकदम छेडतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडतो. सूर जन्मतो आणि लगेच मरतो; उरतो तो नुसता ठोका. वहिनी फोटो मोठा करून त्या माणसाचा उजवा हात बघत राहिली. कोपर बरगडीला चिकटलेलं होतं. हलत होतं ते फक्त मनगट असणार.

"हे मला चालेल?" तिने विचारलं.

डॉक्टरने तिचा हात धरून, वळवून, दाबून पाहिला. "कोपर बरगडीपासून सुटता कामा नये. सुटलं की परत माझ्याकडे."

मेंडोलिन मिळालं आलोचकडून. त्याने ते कधीतरी हौसेने घेतलं होतं आणि माळ्यावर टाकलं होतं. उद्या आणतो म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात आणलं. पहिले काही दिवस वहिनीच्या हातून टक निघेचना, नुसता खणखणाट. बोटांची टोकं सोलवटली. पण हार मानायची तिला सवय नव्हती, आणि ताल तर तिच्या हाडातच होता. शिकायचं होतं ते फक्त वेळेवर सोडून देणं. एका संध्याकाळी नवरा बेस घेऊन स्वयंपाकघरात आला, खुर्ची ओढली आणि वाजवू लागला. त्याचा सूर मात्रेवर पडायचा, तिचं टक मात्रेच्या मधे. दुम-टक, दुम-टक. संपूर्ण ड्रम तिथे होता, दोघांत वाटून घेतलेला.

"म्हणजे अर्धा ड्रम माझ्याकडे होता तर," नवरा म्हणाला.

शस्त्रक्रियेनंतर ती रडली नव्हती. आता मात्र तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायचं तिने काही कारण पाहिलं नाही.

तालीम नणंदेच्या पुढच्या खोलीत झाली. सोफा भिंतीला सरकवला होता. ठेक्याचं मशीन नणंदेच्या उजव्या हाताला स्टुलावर, आणि त्याचा स्पीकर तिच्या पायाशी. त्यामुळे वहिनी डावीकडे, आलोचच्या शेजारी उभी राहिली. त्या चाहत्यांसारखा आपणही कार्यक्रम टिपून ठेवावा, म्हणून तिने फोन चालू करून कपाटावर ठेवला. मशीनवर दोन गाणी छान झाली. मग मशीन बंद करून एक गाणं वहिनीच्या मेंडोलिनवर घेतलं. नणंद गाणं उचलायच्या जागी चुकली. पुन्हा घेतलं, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा ती ताल सोडून भलतीकडेच गेली आणि थांबली.

"चिमणीने दाणे टिपावे तसं वाटतंय गं हे," ती म्हणाली. "मला ठेका पाठीत बसायला हवा. हॉटेलला आपण मशीनच नेऊ. तू वायरींचं बघ."

नवऱ्याने काही बोलायला तोंड उघडलं. वहिनीने त्याला नजरेनेच गप्प केलं. तिला राग आला होता, आणि रागात कुणी वकिली केलेली तिला आवडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलीची दोरी वरखाली ओढत तिने ते रेकॉर्डिंग लावलं. आपली चूक शोधायची होती. चूक नव्हती. ठेका चोख होता. शंभर जण उभे करून विचारलं तरी चोखच म्हणाले असते. मग चुकत कोण होतं? आणि का? नणंदेचा ताल आजवर कधी हलला नव्हता. वहिनीने गाणी सोडून मधली अडगळ ऐकायला घेतली, कारण त्या तार तुटलेल्या गाण्यापासून तिचा अडगळीवर विश्वास बसला होता.

आलोच विचारत होता, ताई, पाणी देऊ? उत्तर नाही. त्याने पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मग वहिनीचाच आवाज, वन्सं, पहिल्यापासून घेऊया? उत्तर नाही, तेव्हा तिला वाटलं होतं, फुगल्या आहेत. मग उजवीकडून नवरा अगदी पुटपुटल्यासारखा म्हणाला, सूर जरा खाली घ्यायचा का, आणि नणंद ताडकन म्हणाली, नको, आहे तोच बरा आहे.

वहिनीच्या हातातली दोरी थांबली. डावीकडून बोललेलं काहीच पोहोचत नव्हतं. उजवीकडची कुजबुजही पोहोचत होती. आणि तिला गेल्या काही वर्षांतले सगळे कार्यक्रम मागून दिसले: पाठ, अंबाडा, आणि गाताना हळूच उजवीकडे वळणारी मान. उजवा कान मागे, ड्रमकडे. लोक त्याला अदा म्हणायचे. वहिनीसुद्धा म्हणायची. इतकी वर्षं त्या अंबाड्याकडे बघून तिने ठेका धरला होता आणि तिला काही कळलं नव्हतं. तिला नणंदेची फार दया आली, मग स्वतःचा राग आला, आणि मग काय करायचं ते ठरवून झाल्यावर तिने उरलेला व्यायाम पूर्ण केला. नवऱ्याला ती एक अक्षर बोलली नाही. ज्याचं गुपित, त्याने सांगावं.

हॉटेलचा जेवणाचा हॉल दुपारी रिकामा होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आणि एकाच टेबलाशी मॅनेजर बसलेला, समोर चहा. मशीनवर तीन गाणी झाली. त्याने मान हलवली, तीही चहाकडे बघत. चौथं सुरू करण्याआधी वहिनी वायरींच्या ढिगातून उठली.

"वन्सं, हे एक माझ्यावर घ्या," ती म्हणाली. "नाही जमलं, तर वायरी गुंडाळायला मी मोकळी."

नणंदेने मॅनेजरकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. लोकांसमोर नाही म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. तेवढ्यात वहिनीने मशीनचं स्टूल बाजूला सारलं होतं. एकच माइक ठेवला, बाकीचे हटवले. नवऱ्याला आणि आलोचला जवळ बोलावलं. आणि स्वतः नणंदेच्या उजव्या बाजूला, बाहीला बाही लागेल इतकी चिकटून उभी राहिली. ती तिकडची मंडळी अशीच उभी राहतात, एवढंच तिने सांगितलं.

दुम-टक. दुम-टक. वहिनीने कोपर बरगडीला दाबून धरलं होतं. नणंदेने श्वास घेतला आणि गाणं उचललं, नेमकं जिथे उचलायचं तिथे. वहिनीने तोंड तिच्याकडे वळवलं. नणंद गाताना डोळे मिटते, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. ओळ लांबवताना तिची हनुवटी किंचित थरथरते, हेही. मागून फक्त अंबाडा दिसतो. अंबाडा कधी घाबरत नाही. दुसऱ्या कडव्याला नणंदेला शब्द सापडेना. तिच्या ओठांवर ते दिसलं, आणि वहिनीने नवऱ्याला भुवई उडवून खूण केली. दोघांनी तीच फेरी पुन्हा मारली, आधीच ठरल्यासारखी. नणंदेने पुढच्या फेरीत ओळ पकडली. मॅनेजरने चहा बाजूला ठेवला होता. आणि गाणं संपेपर्यंत नणंदेची मान सरळ होती.

मॅनेजर उठून आला. आधीची तीन गाणी ठीक होती, तो म्हणाला, पण हे शेवटचं वेगळं होतं. असं वाजवणार असाल तर शुक्रवारपासून या. आलोच 'आलोच' म्हणाला आणि सगळे हसले.

सामान आवरताना नवरा आणि आलोच गाडीकडे गेले. नणंद वायर गुंडाळायला वहिनीशेजारी बसली, तिच्या डाव्या बाजूला, म्हणजे आपला उजवा कान तिच्याकडे येईल अशी.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. ऐकलं."

"ह्याला बोललीस?" ह्याला म्हणजे भावाला.

"नाही."

नणंदेने वायरीला गाठ मारली, ती चुकली, म्हणून सोडली. "चार वर्षं झाली. गाणारीला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण बोलावणार? तुझा ड्रम पाठीत बसायचा, त्यावर मी उभी होते. तुझा खांदा गेला ना, तेव्हा मला वाटलं, आता मीही संपले. म्हणून ते मशीन. तुला काढायला नव्हतं गं."

वहिनीने तिच्या हातातली वायर घेतली आणि नीट गुंडाळली.

"शुक्रवारी कुठे उभी राहशील?" नणंदेने विचारलं.

"इथेच. तुमच्या उजवीकडे."

"आणि वाजवता वाजवता तुझा खांदा भरून आला तर?"

"तर तुम्हालाच आधी कळेल," वहिनी म्हणाली. "चिकटूनच उभी असणार आहे."